युरोपचा सांस्कृतिक इतिहास घेऊन एमए करायला जावं का?

तुम्ही विचारलंय की पुण्यातून बीए इतिहास झालंय, युरोपचा सांस्कृतिक इतिहास घेऊन बाहेर एमए करायचं मनात आहे, पण तिकडची एकही भाषा येत नाही आणि घरचे म्हणतात "आपला इतिहास सोडून त्यांचा कशाला". मी लंडनच्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये एक वर्षाचं एमए ह्याच विषयात केलंय, त्यामुळे जे स्वतः अनुभवलं त्यावरून सांगतो.

घरच्यांचा प्रश्न आधी घेतो, कारण तोच मला एका स्कॉलरशिपच्या मुलाखतीत विचारला होता आणि मला धड उत्तर देता आलं नव्हतं, ते बरेच दिवस डाचत राहिलं. उत्तर मिळालं ते पहिल्याच टर्ममध्ये. इटलीत फेरारा शहरात स्किफानोया नावाचा महाल आहे, तिथल्या एका दालनात भिंतीवर १४७० च्या आसपास रंगवलेली महिन्यांची चित्रं आहेत. प्रत्येक महिन्याचे तीन पट्टे, वर रोमन देव, खाली तिथला सत्ताधीश बोर्सो आणि त्याचा दरबार, आणि मधल्या पट्ट्यात रास आणि तिच्यासोबत तीन विचित्र माणसं. मार्चच्या पट्ट्यात मेंढ्याबरोबर एक काळासावळा माणूस उभा आहे, अंगात फाटके पांढरे कपडे, कमरेला दोरी. ही माणसं कोण हे कोणालाच उलगडत नव्हतं. १९१२ मध्ये आबी वॉरबर्ग ह्या जर्मन कला-इतिहासकाराने (इन्स्टिट्यूटला त्याचंच नाव आहे) रोमच्या एका परिषदेत दाखवून दिलं की हे राशीचे द्रेष्काण आहेत, म्हणजे प्रत्येक राशीचे दहा-दहा अंशांचे तीन भाग, प्रत्येकाला एक आकृती. हो, आपल्या ज्योतिषातलेच! वराहमिहिराच्या बृहज्जातकात मेषेचा पहिला द्रेष्काण काढून बघा, काळा, तांबड्या डोळ्यांचा, कमरेला पांढरं वस्त्र, हातात परशू. कल्पना मुळात इजिप्त-ग्रीसकडची, द्रेष्काण हा शब्दसुद्धा ग्रीकवरून आलेला, ती भारतात येऊन तिला हे रूप मिळालं, मग नवव्या शतकात बगदादमध्ये अबू माशर ह्या ज्योतिषाने ते हिंदूंचं मत म्हणून अरबीत लिहून ठेवलं आणि तिथून भाषांतरं होत होत ते फेराराच्या भिंतीवर पोचलं. परशू तेवढा वाटेत गळला. त्या तासाला मी तो श्लोक संस्कृतातून वाचून अर्थ सांगितला, वर्गात संस्कृत येणारा मी एकटाच होतो. तेव्हापासून "त्यांचा" आणि "आपला" ही वाटणी मला पटतच नाही.

आता भाषेचं. इथे मात्र स्पष्ट सांगतो, भाषेशिवाय जाऊ नका. बोलता येण्याची गरज नाही, वाचता आलं पाहिजे. लॅटिन आणि इटालियन, फ्रेंच, जर्मन ह्यातली एक, एवढं पुरे, पण ते जायच्या आधी वर्षभर सुरू करा, कारण एक वर्षाचा कोर्स म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो आणि मार्च येईपर्यंत प्रबंधाचा विषय पक्का लागतो, मध्ये भाषा शिकायला वेळच राहत नाही. जर्मन निवडलीत तर पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहेच.

जुन्या हस्ताक्षराचा पेपर असेल तर नक्की घ्या. मला तो सगळ्यात जास्त आवडला. लॅटिन हस्तलिखितात अर्धे शब्द संक्षेपात असतात, अक्षरावर आडवी रेघ दिसली की तिथे म किंवा न गाळलाय, पी च्या खालच्या दांडीला छेद दिला की ते 'पेर' (per) वाचायचं. मी आधी मोडी शिकलो होतो त्याचा इथे खूप फायदा झाला, कारण अक्षर ओळखण्याआधी लिहिणाऱ्याचा हात ओळखायचा असतो ही सवय आधीच लागलेली होती. तुम्ही मोडी शिकला असाल तर अर्जात आवर्जून लिहा.

इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीबद्दल थोडं सांगतोच. ती वॉरबर्गने हॅम्बुर्गमध्ये उभी केली, तो १९२९ ला वारला, आणि नाझी आल्यावर १९३३ मध्ये जवळपास ६०,००० पुस्तकं दोन बोटींत भरून लंडनला हलवली. चार मजले, प्रत्येकाला एक विषय: प्रतिमा, शब्द, दिशा आणि कृती. पुस्तकं विषयांच्या शेजारधर्माने लावलेली, म्हणजे तुम्ही पंचांगांवरचं पुस्तक शोधायला जाता आणि खरं कामाचं पुस्तक त्याच्या शेजारी सापडतं. माझा प्रबंधाचा विषय असाच कपाटासमोर उभं असताना मिळाला.

खर्चाचं म्हणाल तर लंडन महाग आहे, स्कॉलरशिप नसेल तर मी तरी कर्ज काढून जा म्हणणार नाही. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते (बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात बाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो), फक्त राहण्याखाण्याचे पैसे आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (म्हणजे ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) दाखवावे लागतात आणि कोर्स दोन वर्षांचा असतो. नोकरी ह्या डिग्रीवर लगेच मिळत नाही, पुढे पीएचडी नाहीतर म्युझियम, अर्काइव्ह, प्रकाशन ह्या वाटा आहेत आणि त्या सावकाश उघडतात, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा.

अर्जातल्या निबंधात "मला लहानपणापासून रेनेसाँसची आवड" वगैरे लिहू नका. एक वस्तू घ्या, एक चित्र, एक नकाशा, एखादं पत्र, काहीही, आणि त्याबद्दल तुम्हाला न सुटलेला एकच प्रश्न दोन पानांत मांडा. लिहून झालं की मला पाठवा, मी वाचून सांगेन.