अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला वारंवार सूज येण्याचा आजार) ९ वर्षांपासून आहे, आता त्रास नाही. तरी डॉक्टर रंग फवारून कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी) करायला सांगतात. गरज आहे का?

हो, करून घ्या. त्रास नसतानाच ही तपासणी नीट होते, कारण आतडं सुजलेलं असेल तर सूज कोणती आणि कर्करोगाआधीचा बदल कोणता, हे सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखणं अवघड जातं.

या आजारात असे बदल नेहमीच्या पॉलिपसारखे (आतड्यातल्या कोंबासारख्या गाठीसारखे) उठून दिसतीलच असं नाही. बरेचसे सपाट असतात, आजूबाजूच्या अस्तरात मिसळून जातात. मिथिलीन ब्लू किंवा इंडिगो कार्माइनचं पातळ द्रावण फवारलं की निळा रंग बारीक खाचांत उतरतो आणि बदललेल्या भागाची कड स्पष्ट दिसते. मग नेमका तिथलाच तुकडा तपासायला घेता येतो. पूर्वी दर १० सेंटीमीटरला चार असे तीसेक तुकडे अंदाजानेच घेत. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनीही रंगाच्या पद्धतीला पसंती दिली.

लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण ८ वर्षांनी ही तपासणी सुरू करतात, म्हणजे तुमची वेळ झालीच आहे. आजार फक्त गुदाशयापुरता असेल तर सहसा लागत नाही. पित्तनलिकांचा पीएससी हा आजार सोबत असेल तर मात्र निदानापासूनच, दरवर्षी.

पोट साफ करण्याचं औषध अर्धवट सोडू नका, प्लीज. मळ राहिला तर रंगाचा उपयोग नाही. नंतर शौच किंवा लघवी निळसर-हिरवी दिसली तर घाबरू नका. जी६पीडीची (लाल रक्तपेशींतल्या एका विकराची) कमतरता असेल किंवा नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण मिथिलीन ब्लूचा त्रास होऊ शकतो.