मोन्रोव्हियाची नोकरी घ्यावी का? शांतिसेनेच्या मागे उरलेल्या लायबेरियाबद्दल

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: मोन्रोव्हियात एका आयातदाराकडे गोदाम सांभाळायची नोकरी आहे, पगार डॉलरमध्ये, राहणं-जेवण कंपनीचं. पण घरचे म्हणतात, तिथे यादवी झाली होती, संयुक्त राष्ट्रांचं सैन्यही २०१८ मध्ये निघून गेलं, मग आता तिथे राखतंय कोण? ते मिशन यशस्वी झालं की नुसतंच गुंडाळलं? आणि बायको-मुलीला आणावं का?

मिशन होतं तेव्हाही मी इथेच होते आणि ते गेल्यावरही इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यादवी दोनदा झाली. १९८९च्या नाताळात बंडखोर नेता चार्ल्स टेलरची माणसं आयव्हरी कोस्टमधून निम्बा प्रांतात घुसली तिथपासून १९९७पर्यंत एक, आणि १९९९ ते २००३ दुसरी. दोन्ही मिळून अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली असं सांगतात, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या तीसेक लाखच होती. ११ ऑगस्ट २००३ला, मधल्या काळात अध्यक्ष झालेला टेलर पद सोडून नायजेरियाला गेला, आठवड्याभरात घानातल्या आक्रात तह झाला आणि १ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांचं मिशन सुरू झालं. त्याला सगळे ‘अनमिल’ म्हणायचे. मंजुरी १५ हजार सैनिकांची. एवढ्याशा देशाला ही फार मोठी फौज होती.

सुरुवात मात्र वाईट झाली. डिसेंबर २००३मध्ये मोन्रोव्हियाबाहेरच्या शेफलिन छावणीत टोळ्यांतल्या लढवय्यांना हत्यारं जमा करायला बोलावलं. हजारेक येतील अशी अपेक्षा होती, आले कित्येक पट. फौज अजून पुरती पोचली नव्हती, हत्यारांच्या बदल्यात पैसे कुणाला, कधी, किती याचा पत्ता नव्हता. पोरं भडकली, शहरात गोळीबार झाला, माणसं मेली. काम थांबवावं लागलं ते थेट एप्रिल २००४मध्ये पुन्हा सुरू झालं. मग उलटा प्रकार झाला. बंदूक नसली तरी ठरावीक काडतुसं दाखवली की नाव लागायचं आणि दोन हप्त्यांत ३०० डॉलर मिळायचे, त्यामुळे टोळीनायकांनी भाच्या-पुतण्यांनाही काडतुसं वाटली. लाखावर लोकांनी ‘लढवय्ये’ म्हणून नाव नोंदवलं आणि हत्यारं जमली २८ हजारांच्या आसपास. हे आकडे शेजारी ठेवले की काय झालं ते कळतं. तरीही मी याला फसवणूक म्हणून निकालात काढणार नाही. लढलेला आणि न लढलेला, दोघंही टोळीनायकाच्या हाताखालून निघाले आणि टोळ्या मोडल्या. आज शहरात बंदूक घेऊन उभी असलेली टोळी तुम्हाला दिसणार नाही.

पुढचं काम, म्हणजे त्या पोरांना पोटाला लावणं, अर्धवट राहिलं. सुतारकाम, गवंडीकाम शिकवलं, हातात अवजारांची पेटी दिली, पण बांधकामंच नव्हती. पेट्या बाजारात विकल्या गेल्या. बरेच जण मोटरसायकलवर प्रवासी नेऊ लागले. इथे त्या गाड्यांना ‘पेन-पेन’ म्हणतात आणि तीनचाकीला ‘केके’. पुण्याच्या बजाजची रिक्षा तुम्हाला इथेही भेटेल, पिवळी, आतून सजवलेली. ज्यांना तेही जमलं नाही ते रस्त्यावर आहेत, नशेत आहेत, त्यांना ‘झोगो’ म्हणतात. वॉटरसाइडच्या बाजारात किंवा ‘रेड लाइट’ नावाच्या गजबजलेल्या भागात तुमच्या हातातला फोन हिसकावणारा बहुधा यांच्यातलाच असतो. आजच्या झोगोंतले कित्येक तर युद्ध संपलं तेव्हा जन्मलेही नव्हते.

निवडणुकांच्या बाबतीत मी मिशनला पूर्ण गुण देते. २००५मध्ये एलन जॉन्सन सर्लीफ निवडून आल्या. २०१७मध्ये पहिल्या फेरीच्या निकालावर वाद झाला तेव्हा सुप्रीम कोर्टाने दुसरी फेरी रोखली आणि सगळे पक्ष गप थांबले. या देशात निवडणुकीचं भांडण कोर्टात जाणं हीच मोठी गोष्ट. २६ डिसेंबरला मतदान झालं, जॉर्ज वेआ आले आणि १९४४नंतर पहिल्यांदा एका निवडून आलेल्या अध्यक्षाने दुसऱ्याला शांततेत खुर्ची दिली. पण खरी परीक्षा मला वाटतं २०२३ची, कारण तेव्हा राखायला कुणीच नव्हतं. वेआ वीसेक हजार मतांनी हरले आणि अंतिम निकाल लागायच्या आधीच त्यांनी जोसेफ बोआकाईंना फोन करून हार मान्य केली. आम्ही घरात तांदूळ आणि पाणी भरून ठेवलं होतं. ते पुढे महिनाभर खात बसलो. मात्र सगळं गुळगुळीत आहे असं समजू नका. सभापतिपदाच्या भांडणात डिसेंबर २०२४मध्ये संसदेच्या इमारतीला आग लागली होती.

पोलिसांबद्दल सांगते, कारण तुमचा संबंध त्यांच्याशीच येईल. जुनं दल मिशनने जवळपास नव्याने उभं केलं. यात आपल्याकडच्या बायकांचा वाटा आहे: जानेवारी २००७मध्ये सीआरपीएफची शंभरावर महिलांची तुकडी इथे आली, शांतिसेनेतली जगातली पहिली अशी तुकडी. दरवर्षी जवान बदलत राहिले, २०१६पर्यंत तुकडी राहिली. अध्यक्षांच्या कचेरीवर पहारा, रात्रीची गस्त, दंगलीवर नियंत्रण, सगळं केलं. लायबेरियन मुली पोलिसात भरती व्हायला लागल्या त्यात त्यांचा हात आहे, असं इथल्या बायका आजही सांगतात. मी भारतीय आहे कळलं की भाजीवाल्या अजून त्यांची आठवण काढतात. त्याच मिशनमधल्या काही पुरुषांनी मात्र पैशांसाठी, अन्नासाठी अगतिक झालेल्या मुलींचा फायदा घेतला. त्याच्या चौकश्या झाल्या, अहवाल आले, शिक्षा फार थोड्यांना झाली. मिशनचं कौतुक करताना हे झाकणारे मला आवडत नाहीत.

आजचा पोलीस सभ्य आहे, पण त्याच्याकडे गाडीला पेट्रोल नसतं. चोरीची तक्रार द्यायला गेलात तर कागद आणि रिक्षाभाडं तुमचंच. कोर्टात खटले वर्षानुवर्षं पडून असतात, तुरुंगात निकालाविना बसलेलेच जास्त. त्यामुळे गल्लीत चोर सापडला की जमाव तिथेच न्याय करतो. असा जमाव दिसला तर थांबू नका, फोन काढून चित्रीकरण तर अजिबात करू नका.

युद्धातल्या गुन्ह्यांचाही हिशेब झाला नाही. टेलरला ५० वर्षं झाली ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी, इथल्या नव्हे. सत्यशोधन आयोगाने २००९मध्ये खास न्यायालय मागितलं, त्यासाठी कार्यालय स्थापायचा आदेश निघाला २०२४मध्ये. मधली सगळी वर्षं जुने टोळीप्रमुख सिनेटमध्ये बसत होते. तुमच्या गोदामातल्या दोन हमालांचे बाप एकमेकांविरुद्ध लढलेले असू शकतात. कुणाची जमात, कुणाचा प्रांत, युद्धात कुठे होतास, हे प्रश्न आपण विचारायचे नाहीत.

आता तुमचं. युद्ध पुन्हा पेटेल या भीतीने नोकरी सोडू नका. भीती ठेवायची ती मलेरियाची, रात्रीच्या रस्त्याची आणि कच्च्या कराराची. पीतज्वराची लस आणि तिचं पिवळं कार्ड लागतंच. २०१४च्या इबोलाने इथली आरोग्यव्यवस्था किती पोकळ आहे ते दाखवलं, ४,८०० माणसं गेली. दवाखाने त्यानंतर सुधारले, तरी मोठ्या आजाराला आक्रा किंवा भारत गाठावा लागतो. तो खर्च कंपनी करेल हे करारात लिहून घ्या. रहिवासाचा आणि कामाचा परवाना तुमच्या नावाने, कंपनीच्या खर्चाने. पासपोर्ट स्वतःकडे ठेवा, काही मालक ‘सुरक्षिततेसाठी’ मागून घेतात, त्यांना छायाप्रत द्या.

इथे कायमचं बस्तान बसवायचं स्वप्न असेल तर आत्ताच सोडा. राज्यघटनेप्रमाणे नागरिकत्व फक्त कृष्णवर्णीयांना मिळतं आणि जमीन फक्त नागरिकांना. वेआंनी अध्यक्ष झाल्याझाल्या हा नियम वर्णद्वेषी आहे असं जाहीर म्हटलं, बदललं काहीच नाही. तीन पिढ्या इथे असलेले लेबनीज व्यापारीही भाडेपट्ट्यावरच आहेत. काही छोटे धंदे कायद्याने स्थानिकांसाठी राखीव आहेत. मला या नियमांबद्दल लायबेरियन लोकांचा राग येत नाही. अमेरिकेहून आलेल्या, गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय वसाहतकारांनी मूळच्या लोकांना शंभरहून जास्त वर्षं बाजूला ठेवलं, जमिनीची भांडणं त्यातूनच आली, आणि मिशनला ती सोडवता आली नाहीत.

विजेचं विचारलं नाहीत, पण सांगते. युद्धात मोडलेलं माउंट कॉफीचं जलविद्युत केंद्र २०१६च्या अखेरीस पुन्हा सुरू झालं, आयव्हरी कोस्टमधूनही वीज येते, तरी कोरड्या दिवसांत, जानेवारी ते एप्रिल, जनरेटर लागतोच. घर सिंकोर किंवा माम्बा पॉइंटला मिळत असेल तर चांगलं. मिशनचे लोक गेल्यावर तिथली भाडी उतरली, कंपनीला घासाघीस करायला लावा.

कुटुंबाचं म्हणाल तर मे ते ऑक्टोबरचा पाऊस आधी एकट्याने काढा. कोकणातल्या माणसालाही हा पाऊस जास्त वाटतो, रस्ते वाहून जातात, मलेरिया वाढतो. मुलगी पाचवीच्या आत असेल तर शाळांचा प्रश्न नाही, त्यापुढची असेल तर चांगल्या शाळा मोजक्या आणि फी डॉलरमध्ये, ती कंपनी भरते का ते विचारा. विमानतळ शहरापासून दीड-दोन तासांवर, हार्बेलला फायरस्टोनच्या रबराच्या मळ्याशेजारी आहे. विमान रात्री उतरत असेल तर कंपनीची गाडी येणार का, हे तिकीट काढायच्या आधी पक्कं करा.