छोट्या गावात आई-वडिलांपासून वेगळं घर केलं तर नातं तुटतं का?

नाही तुटत. पण आधी ‘वेगळं’ म्हणजे नेमकं काय, हे घरात स्पष्ट बोलून घ्या. अनेक देशांच्या जनगणनेत घर आणि कुटुंब या दोन वेगळ्या गोष्टी धरतात. एका छपराखाली दोन चुली असतील, तर कुटुंबं दोन. म्हणजे वेगळं व्हायला घर सोडावंच लागतं असं नाही. छोट्या गावात भाड्याची घरं मुळात कमी, त्यामुळे वरचा मजला किंवा मागची खोली हाच बऱ्याचदा खरा पर्याय असतो.

मात्र दार स्वतंत्र असू द्या. कुणी किती वाजता आलं, कोण भेटायला आलं, हे रोज बैठकीच्या खोलीतून सगळ्यांसमोर जाताना दिसत राहिलं की चाळिशीतला माणूसही पुन्हा शाळकरी होतो. निम्मी कुरबूर तिथेच सुरू होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ लिओपोल्ड रोझेनमायर आणि एव्हा कोकाइस यांनी १९६३ मध्ये असं जवळ पण स्वतंत्र राहण्याला ‘अंतर राखून जवळीक’ अशा अर्थाचं नाव दिलं. म्हाताऱ्या आई-वडिलांनाही मुलं जवळ हवी असतात, पण आपल्याच स्वयंपाकघरात पाहुणं व्हायचं नसतं.

वीजबिल, दुरुस्ती, औषधपाणी कोण बघणार, हे पहिल्याच महिन्यात ठरवा. शेजारी ‘भांडण झालं का?’ विचारतीलच. त्याचं उत्तर आई-वडिलांशी आधी बोलून ठेवा, म्हणजे तुम्ही काय सांगितलं, हे त्यांना बाहेरून कळणार नाही.