चुकीखालचे मराठी वाक्य

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. पुण्याला येऊन दीड वर्ष झाले, वनस्पतिशास्त्राचे तास बऱ्यापैकी कळतात, पण उत्तर येत असूनही वर्गात हात वर होत नाही, आणि तोंडी परीक्षेत परासरण (ऑस्मॉसिस) पाठ असताना तू नुसती उभी राहिलीस, हे वाचून जीव हळहळला. तुझा विषय कच्चा नाही, आणि तरीही आपण कच्चे आहोत असे तुला वाटू लागले आहे, हे मला जास्त लागले. स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का, असे तू शेवटी विचारले आहेस. त्याचे उत्तर आधी देतो: तूर्त लावू नकोस. कारणे सविस्तर लिहितो.

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. राज्यातल्या सर्व शाळांत ते पहिलीपासून सुरू झाले 2000 साली, म्हणजे तू बारा वर्षे इंग्रजी शिकून कॉलेजात आलीस. बारा वर्षे हा थोडा काळ नव्हे. पण त्यातली बहुतेक वर्षे गाइडमधली उत्तरे पाठ करण्यात आणि रिकाम्या जागा भरण्यात गेली असणार. स्वतःच्या मनातली गोष्ट इंग्रजीत सांगण्याची गरज फारशी कधी पडलीच नसणार. त्यामुळे तुझ्याजवळ इंग्रजी नाही असे समजू नकोस. आहे, पण ते वापरात आलेले नाही.

मी पहिल्या वर्षाला असताना चार पानांचा एक निबंध लिहिला होता. तो परत आला तेव्हा पाने तांबड्या शाईने भरली होती आणि खाली एकच शब्द होता: 'पुअर'. कोणती चूक का झाली, याबद्दल एक अक्षर नव्हते. खोलीवर येऊन मी प्रत्येक तांबडी खूण एका कोऱ्या कागदावर उतरवली आणि सारख्या दिसणाऱ्या खुणा एकाखाली एक मांडल्या. तेव्हा दिसले की चार पानांवरच्या त्या सगळ्या खुणा मिळून चूक चार-पाचच प्रकारची होती, आणि तीच पुन्हा पुन्हा झाली होती. त्या संध्याकाळी मला जे कळले, तेच पुढे आयुष्यभर वर्गात शिकवले: विद्यार्थी असंख्य चुका करत नाही, तो थोड्या चुका असंख्य वेळा करतो, आणि त्यांतल्या बऱ्याच चुकांच्या खाली एक पूर्णपणे शुद्ध मराठी वाक्य असते.

तुझ्याच पत्रातले वाक्य घेऊ. तोंडी परीक्षेचा प्रसंग सांगताना तू इंग्रजीत लिहिले आहेस, 'आय डिडन्ट वेन्ट अगेन'. वर्गात याला हसतात. पण त्याच्या खालचे वाक्य बघ: 'मी परत गेले नाही'. मराठीत भूतकाळ 'गेले' या क्रियापदावर असतो. 'नाही' मागून येऊन जोडले जाते आणि क्रियापदाला धक्का लावत नाही. तुझ्या मनाने अगदी हेच केले, भूतकाळ क्रियापदावर ठेवला आणि नकार जोडून दिला. इंग्रजीची रीत वेगळी आहे. तिथे नकार किंवा प्रश्न आला की भूतकाळ क्रियापदावरून उठतो आणि 'डू'वर जाऊन बसतो, म्हणून 'डू'चे 'डिड' होते, आणि ओझे उतरलेले क्रियापद आपल्या मूळ रूपात, म्हणजे 'गो' म्हणून उभे राहते. काळाची खूण वाक्यात एकदाच, एवढे एक लक्षात ठेवलेस तर 'डिडन्ट केम', 'डिड यू सॉ', 'डिडन्ट अंडरस्टूड' ही सगळी भावंडे एकदमच सुटतील.

असेच 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स' हे वाक्य. त्याखाली 'मी दोन वर्षांपासून पुण्यात राहते आहे' हे मराठी वाक्य आहे. आपला '-पासून' हा प्रत्यय 'जूनपासून' आणि 'दोन वर्षांपासून' अशा दोन्हींना चालतो. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स' आणि काळाची लांबी सांगायची तर 'फॉर'. शिवाय मराठीला जिथे साधा चालू वर्तमानकाळ पुरतो, तिथे इंग्रजी 'हॅव बीन लिव्हिंग' मागते. 'डिस्कस्ड अबाउट' मधला अनावश्यक 'अबाउट' हा आपल्या 'विषयी चर्चा केली' मधला 'विषयी' आहे. आपण परीक्षा 'देतो', म्हणून 'गिव्ह द एक्झाम' म्हणतो. आपल्या देशात ते सर्रास चालते, परदेशी विद्यापीठात मात्र विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. या सगळ्यांत निष्काळजीपणा कुठेही नाही, उलट तुझे मराठी व्याकरण आत चोख काम करते आहे.

भाषाशास्त्रज्ञांनी याला 'इंटरलँग्वेज' असे नाव दिलेले आहे. लॅरी सेलिंकर यांनी 1972 साली मांडले की दुसरी भाषा शिकणाऱ्याच्या मनात मध्येच एक तिसरी व्यवस्था तयार होते, जी मातृभाषाही नसते आणि नवी भाषाही नसते, पण तिचे स्वतःचे नियम असतात. त्या व्यवस्थेतले सगळेच मराठीतून येते असेही नाही. 'कम'चे कोणी 'कम्ड' केले तर त्यात मराठीचा काही दोष नाही. इंग्लंडमधली लहान मुलेही असेच बोलत मोठी होतात. म्हणून प्रत्येक चुकीचे खापर मातृभाषेवर फोडू नकोस, पण पहिला शोध तिथे घे.

हे करायचे कसे, ते सांगतो. एक शंभर पानी वही कर. डाव्या पानावर तुझे चुकलेले वाक्य जसेच्या तसे लिही, त्याखाली ते लिहिताना मनात आलेले मराठी वाक्य लिही, आणि उजव्या पानावर दुरुस्त वाक्य लिहून दोन्ही भाषांची वाट कुठे वेगळी झाली ते मराठीत एका ओळीत लिही. ही शेवटची ओळ टाळू नकोस, सगळी कमाई तिच्यात आहे. महिनाभरात तुझ्या खास चुका ठरतील, आणि परीक्षेला लिहिताना उत्तर पुन्हा वाचायला पाच मिनिटे मिळाली तर नेमके काय शोधायचे ते तुला ठाऊक असेल.

'ए', 'ॲन', 'द' यांची मात्र एवढ्यात काळजी करू नकोस. मराठीत त्यांच्या जागी काहीच नाही. 'मी काल पुस्तक घेतले आणि आज पुस्तक हरवले' यातले पहिले पुस्तक कोणतेतरी आणि दुसरे तेच, हे आपण संदर्भावरून समजतो. जे मातृभाषेत नाहीच ते सगळ्यात उशिरा जमते आणि भरपूर वाचल्यावरच जमते. माझा बराच काळ त्यांचे नियम घोकण्यात गेला आणि त्याचा उपयोग फार थोडा झाला.

आता क्लासचे. बोलण्याचे इंग्रजी आणि अभ्यासाचे इंग्रजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडात स्थलांतरित मुलांचा अभ्यास करताना जिम कमिन्स यांना असे आढळले की रोजच्या गप्पांचे इंग्रजी साधारण दोन वर्षांत येते, पण शाळेच्या अभ्यासात बरोबरीने यायला पाच ते सात वर्षे लागतात, आणि तीही चहूकडे इंग्रजी असलेल्या देशात. क्लासमध्ये तुला ओळख करून देणे, हॉटेलात खाणे मागवणे, फोनवर बोलणे शिकवतील. तुझी अडचण तिथे नाही. मुळांनी शोषलेले पाणी पानापर्यंत कसे चढते हे तुला इंग्रजीत सांगता येत नाही, ही तुझी अडचण आहे, आणि त्याचा क्लास तुझ्या पाठ्यपुस्तकातच आहे.

पाठ्यपुस्तकातले कठीण वाटणारे शब्द दोन जातींचे असतात. 'झायलेम', 'स्टोमाटा' हे विषयाचे शब्द तुला येतातच, कारण ते शिक्षक समजावून सांगतात. अडते ते 'अझ्यूम', 'सिग्निफिकंट', 'डिस्ट्रिब्यूट', 'कन्सिस्ट' अशा शब्दांपाशी, जे प्रत्येक विषयात येतात आणि ज्यांचा अर्थ कोणीच सांगत नाही. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अशा 570 शब्दकुळांची, म्हणजे एकाच मुळातून निघालेल्या शब्दांच्या गटांची, यादी प्रसिद्ध केली. विद्यापीठीय लेखनातला साधारण दहावा हिस्सा या कुळांतल्या शब्दांनी व्यापलेला असतो. ती यादी पाठ करू नकोस. आपल्या पुस्तकात असा शब्द भेटला की त्याचे अख्खे वाक्य वहीत उतरव, आणि विद्यार्थ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात तो कोणाच्या सोबतीने येतो ते बघ. इंग्रजी-मराठी कोश तुला अर्थ देईल, पण सोबत देणार नाही.

शब्द लिहिताना त्याच्या कोणत्या भागावर जोर आहे तिथे रेघ मार. मराठीत जोर बदलल्याने शब्द ओळखू येईनासा होत नाही, इंग्रजीत होतो. 'ॲनलाइज' मध्ये जोर पहिल्या भागावर, 'अनॅलिसिस' मध्ये दुसऱ्यावर, 'ॲनलिटिकल' मध्ये तिसऱ्यावर. कूळ एकच, पण जोर सरकला की स्वरही बदलतात. वाचताना सहज कळणारा शब्द व्याख्यानात कानावरून निघून जातो, त्याचे हेही एक मोठे कारण आहे.

वाचायचे ते कशासाठी तरी वाच. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत एक प्रयोग केला, बंगलोर प्रकल्प म्हणून तो जगभर ओळखला जातो. त्यात मुलांना व्याकरणाचे पाठ न देता रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा असे काही समोर ठेवून इंग्रजीतून कोडी सोडवायला लावत. लक्ष अर्थावर राहिले की भाषा अंगवळणी पडते, ही त्यामागची धारणा होती. तू तेच कर. पुस्तकातला एक परिच्छेद वाच, पुस्तक मिट, आणि त्यावरून आकृती काढ. दुसऱ्या दिवशी त्या आकृतीवरून परिच्छेद आपल्या इंग्रजीत लिही आणि पुस्तकाशी ताडून बघ. हा दुसरा भाग गाळू नकोस. कॅनडात वर्षानुवर्षे फ्रेंच माध्यमात शिकलेली इंग्रजीभाषक मुले फ्रेंच उत्तम समजत, पण बोलता-लिहिताना व्याकरणात अडखळत. त्यावरून मेरिल स्वेन यांनी 1985 साली मांडले की नुसते ऐकून-वाचून भागत नाही, भाषा आपल्या तोंडून आणि हातून बाहेर पडावी लागते, कारण आपल्याला काय येत नाही ते तेव्हाच कळते.

बोलण्यासाठी वसतिगृहातली एखादी मैत्रीण गाठ, शक्यतो आपल्यासारखीच मराठी शाळेतून आलेली. तिला तीच आकृती चार मिनिटांत समजावून सांग, मग तीन मिनिटांत, मग दोन. विषय तोच राहिल्याने तिसऱ्या खेपेला काय सांगायचे हे शोधावे लागत नाही, आणि मोकळे झालेले लक्ष भाषेकडे जाते. नंतर तिची पाळी. अडलीस तर मराठी शब्द वापर आणि पुढे जा, थांबू नकोस. तो शब्द रात्री शोधून वहीत लिही. महिनाभर हे झाले की वर्गात एक प्रश्न विचार, पण आदल्या रात्री कागदावर लिहून, दोनदा मोठ्याने म्हणून.

वहीची पहिली वीस पाने झाली की मला पाठव. मी चुका दुरुस्त करणार नाही, ओळीशेजारच्या समासात पेन्सिलीने फक्त खूण करीन. तिच्या खालचे मराठी वाक्य तू शोधायचेस. आणि परासरणावरचा तो परिच्छेद, जो तोंडी परीक्षेत राहून गेला, तो सगळ्यात आधी लिही.

तुझा हितचिंतक,
सर