आरडी मोडून मॉन्स्टेरा घ्यावा का?

गोव्यातल्या फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय, आरडी मोडून शोभेची महागडी परदेशी झाडं घेऊ का. घरात दोघं कमावतात, मिळून हातात ७६,०००, घराचा हप्ता १९,०००, सगळं भागून महिन्याला पाच-सहा हजार उरतात. सेव्हिंगमध्ये ५०,०००. शिवाय ४,००० ची आरडी, २४ पैकी १७ हप्ते भरून झालेत, ते पैसे मुलीच्या अकरावीसाठी ठेवलेत. आता झालंय असं की बागकामाच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी नवीन आणलेल्या झाडाचा फोटो टाकतं, आणि त्यातलेच काहीजण मिळून थायलंडहून झाडं मागवतायत. ताईंची यादी: मॉन्स्टेरा आल्बो (हिरव्या पानांवर पांढरे पट्टे असलेला) १८,०००, पिंक प्रिन्सेस ४,५००, क्वीन अँथुरियम ९,५००, मागवायच्या खर्चाचा वाटा ६,०००. एकूण ३८,०००. अर्धे ॲडव्हान्स शुक्रवारपर्यंत. ताईंचं म्हणणं, हा खर्च नाही, गुंतवणूक आहे, वर्षभरात पाच कटिंग काढून सहा-सहा हजाराला विकेन.

ताई, हौस म्हणून विचारलं असतंत तर माझं उत्तर दोन ओळींत संपलं असतं. पण तुम्ही गुंतवणूक म्हणालात, म्हणून जरा हिशोबाला बसूया.

या झाडांचे भाव कसे चढतात-पडतात ते आधी बघा. २०२१ मध्ये न्यूझीलंडला ऑनलाइन लिलावात नऊ पानांचं एक व्हेरिगेटेड, म्हणजे हिरव्या-पांढऱ्या पानांचं, रॅफिडोफोरा नावाचं झाड २७,१०० डॉलरना गेलं, तिकडचे डॉलर, पण तरी. लॉकडाऊनमध्ये सगळे घरात बसलेले, माल कमी, मागणी भरपूर. मग टिश्यू कल्चरच्या (झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणाऱ्या) लॅब कामाला लागल्या आणि एकेका झाडाची हजारो रोपं निघायला लागली. तुमच्या यादीतली पिंक प्रिन्सेस त्यातलीच, एकेकाळी लोक तिच्यासाठी वेडे झाले होते, आता साध्या नर्सरीतही दिसते. जी वस्तू दुसरा कोणीही बाटलीत घालून वाढवू शकतो तिचा भाव टिकेल यावर मी तरी पैसे लावणार नाही.

आल्बोचं जरा वेगळं आहे हे मान्य. त्याचा पांढरा रंग लॅबमध्ये खात्रीने उतरत नाही, म्हणून ते जास्त करून कटिंगवर चालत आलंय. पण तीच त्याची अडचणसुद्धा. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही, पूर्ण पांढरी पानं यायला लागली तर फांदी स्वतःला पोसूच शकत नाही, आणि उलट कधी कधी सगळं हिरवंच यायला लागतं, मग तुमच्या हातात साधा मॉन्स्टेरा. आता पाच कटिंगचा हिशोब परत करा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन नाही, कुंडी सुकत नाही, मुळं कुजायला असा मोसम दुसरा नाही, त्यात विमानातून आलेलं माती काढलेलं झाड. समजा दोन कटिंग कुजली, एक हिरवं निघालं, राहिली दोन. आणि ती घेणार कोण? तोच ग्रुप ना? त्यांनीही तेच झाड घेतलंय, तेही त्याच महिन्यात कटिंग काढून बसलेले असणार. दोन-अडीच हजाराला गेलं तरी नशीब समजा. मॉस स्टिक, पर्लाइट, फंगिसाइड हा वरचा खर्च तर मी अजून धरलाच नाही.

झाडातच पैसे लावायचे असतील तर गावच्या भाटात (बागायतीत) मानकुराद आंब्याची कलमं लावा, सीझनच्या सुरुवातीला डझनाचा भाव काय असतो ते म्हापशाच्या बाजारात जाऊन विचारा. अर्धी मस्करी आहे ही, अर्धीच.

आता आरडी. खरं सांगायचं तर मोडायचा दंड फार नाही, ६८,००० भरलेत, बँकेने व्याज एक टक्का कमी दिलं तरी नुकसान पाचशेच्या आसपास. म्हणून दंडाची भीती मी घालणार नाही. प्रश्न हा की ॲडमिशनच्या वेळी हे ३८,००० परत कुठून येणार. महिन्याला उरतात पाच-सहा हजार, त्यात मधे चवथ (गणपती) आहे, माटोळीपासून (गणपतीच्या वर टांगायची फळांची आरास) फटाक्यांपर्यंत खर्च कोणाला चुकलाय. सेव्हिंगमधले ५०,००० तर तुमच्या घराचा एक महिनासुद्धा पुरे काढणार नाहीत, त्यांना हात लावूच नका, उलट ते वाढवायला हवेत. आणि क्रेडिट कार्डाचा विचार डोक्यातून काढाच, थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के धरले तर ३८,००० वर १,३३० व्याज, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास १,५७० रुपये एका महिन्याचे.

मग काय करायचं? आरडी चालू ठेवा. उरतात त्यातले १,५०० दर महिन्याला झाडांसाठी वेगळे काढा, तेवढ्यात काय हवं ते घ्या, मला विचारूही नका. पांढरं पानच हवं असेल तर चार-पाच महिने थांबून लहान थाई कॉन्स्टेलेशन (पांढऱ्या ठिपक्यांचा मॉन्स्टेरा) बघा, ते लॅबमधलंच असतं, रंग टिकतो, आल्बोपेक्षा निर्धास्त. पिंक काँगो म्हणून गुलाबी पानांचं झाड कोणी गळ्यात मारायला आलं तर नको म्हणा, तो गुलाबी रंग औषध मारून आणलेला असतो, काही महिन्यांत पानं हिरवी.

तरीही ग्रुपबरोबर जायचंच असेल तर ॲडव्हान्सच्या आधी दोन कागद मागा: आयातीचा परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (झाडाला रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला). २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे ते लागतात. कोणी बॅगेतून आणतो म्हणाला आणि एअरपोर्टवर पकडलं तर झाडं गेली आणि तुमचे १९,००० पण.

टॅक्सचं विचारलंत, तर नर्सरीत स्वतः वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न शेतीचं धरतात, आणलेलं तसंच विकलं तर तो धंदा. तुमच्या आकड्यांना सध्या दोन्हीची काळजी नको.

आणि मिस्टरांना आत्ता सांगू की झाड घरी आल्यावर, हे जे शेवटी विचारलंय: आत्ताच सांगा. आरडी दोघांच्या नावावर आहे असं तुम्हीच लिहिलंय, मोडायला गेलात तर बँक बहुतेक त्यांचीही सही मागेल.