थंडीतल्या सहलींसाठी हप्त्यावर गाडी घ्यावी का?

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको, दोघंही अजून शिकतोय. मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, हा एम.ए. करतोय. धनकवडीत एक खोली भाड्याने घेतली आहे. मी संध्याकाळी शिकवण्या घेते, त्याचे महिन्याला १३,००० येतात (एप्रिल-मे मध्ये मात्र निम्म्यावर, साधारण ६,०००). हा सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत काम करतो, त्याचे ११,०००. भाडं, जेवणखाण, फी, फोन धरून खर्च २०,५०० होतो. बँकेत ३१,००० आहेत. लग्नानंतर कुठेच गेलो नाही, म्हणून या थंडीत दर पंधरा दिवसांनी सकाळी निघून संध्याकाळी घरी, अशा सहा सहली करायच्या ठरवल्यात. हा म्हणतो, त्यासाठी जुनी मोटरसायकल घेऊ. २०१७ ची ११० सीसी गाडी ३८,००० ला मिळतेय. १०,००० रोख, उरलेल्या २८,००० वर १८ महिने १,९७६ चा हप्ता. फाइल चार्ज १,५०० वेगळा. विक्रेता म्हणतो व्याज १८ टक्केच आहे. मला धाकधूक वाटते. घ्यावी का?

उत्तर : आधी सहलींबद्दल. तुम्ही दोघांनी फिरायला जायलाच हवं, आणि त्यासाठी पैसे काढून ठेवताना अपराधी वाटून घेऊ नका. दोघांची कमाई २४,०००, त्यात दोघांचं शिक्षण, आणि तरीही महिन्याला ३,५०० शिल्लक पडतात, म्हणजे तुम्ही काटकसरीने राहताय. अशा घरात मोकळा दिवस ही चैन नव्हे. एकाच मोठ्या सहलीऐवजी सहा छोट्या सहलींचा बेत तर मला फारच आवडला.

गाडी मात्र या थंडीत घेऊ नका. का, ते आकड्यांतच बघू.

विक्रेता सांगतो ते १८ टक्के फ्लॅट आहेत. म्हणजे २८,००० वर वर्षाला १८ टक्के, दीड वर्षाचे ७,५६० रुपये व्याज, ते मुद्दलात मिळवून १८ ने भागलं की १,९७६. पण दर हप्त्यातून तुम्ही मुद्दलही फेडत असता. दहा हप्ते भरले की मुद्दल निम्म्यावर आलेलं असतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण २८,००० वर लावलेलं. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर वर्षाला जवळपास ३२ टक्के पडतो, आणि फाइल चार्ज धरला तर आणखी वर जातो. तुम्ही स्वतःही हे पडताळू शकता. बँक असो की वित्त कंपनी, कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (कर्जाच्या मुख्य अटी सांगणारा कागद) देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे, आणि त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो. सगळे चार्जेस धरून येणारा खरा वार्षिक दर तो. विक्रेत्याला एवढंच विचारा, ‘एपीआर किती?’

आता पहिल्या दिवशी हातातून जाणारी रोख मोजू. १०,००० डाउन पेमेंट, १,५०० फाइल चार्ज. थर्ड पार्टी विमा या गटातल्या गाडीला ७१४ रुपये, त्यावर मालकाचा सक्तीचा अपघात विमा आणि जीएसटी, म्हणजे हजार-बाराशे. गाडी नावावर करून घेण्याचा खर्च एजंट धरून दीड हजार समजा. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, त्यामुळे एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरची) पाटी लावलेली नसेल तर ५३१ रुपये. दोघांना आयएसआय हेल्मेटं, दोन हजार. आणि आठ वर्षं चाललेली गाडी हातात आली की ऑइल, ब्रेक शू, चेन यात पहिल्याच महिन्यात दीडेक हजार जातातच. बेरीज १८,००० च्या घरात. तुमच्या ३१,००० तून १३,००० उरतात, आणि घराचा एका महिन्याचा खर्चच २०,५०० आहे.

खरी अडचण एप्रिल-मे मध्ये येते. तेव्हा शिकवण्या उतरतात आणि दोघांची मिळून कमाई १७,००० होते. म्हणजे हप्ता नसतानाही महिन्याला ३,५०० ची तूट. हप्ता असेल तर ५,४७६. दोन महिन्यांची तूट ११,००० च्या जवळ. नेमक्या त्याच दिवसांत तुमची शेवटच्या वर्षाची परीक्षा असेल. हप्ता चुकला तर दंड लागतो, शिवाय क्रेडिट स्कोअरवर डाग पडतो, आणि उद्या वकिलीचं ऑफिस थाटायला कर्ज घ्यायला गेलात की तो दिसतो. तुमची धाकधूक अगदी योग्य जागी आहे.

तुमच्या नवऱ्याच्या बाजूने एक गोष्ट मला खरी वाटते. अभ्यासिका बंद करून रात्री साडेनऊला घरी यायचं, आणि त्या वेळी बस लवकर मिळत नाही, हा रोजचा त्रास असणार. तुम्ही पत्रात हे लिहिलं नाहीत, पण मला वाटतं गाडीची ओढ सहलींपेक्षा तिथूनच येत असावी. तर त्या बाजूनेही पाहू. रोजचे जाऊन-येऊन १६ किलोमीटर धरले, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ४१६ किलोमीटर. लिटरला ४५ चं ॲव्हरेज आणि शंभराच्या वर गेलेलं पेट्रोल, म्हणजे साडेनऊशे ते हजार रुपये. देखभालीला चारशे बाजूला ठेवावे लागतील. बसपास आणि अधूनमधूनची रिक्षा यांचा खर्चही बाराशेच्या आसपासच असेल. सोय नक्की वाढेल, पण पैसे वाचणार नाहीत. हप्ता पूर्णपणे वरचा.

आता सहलींचंच बघा, म्हणजे गाडीचं मूळ कारण. पुण्याच्या आसपास थंडीत जाण्याजोगी जी ठिकाणं आहेत, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी एसटी, लोकल किंवा पीएमपीची शहर बस जाते, आणि दोघांना मिळून ती पेट्रोलइतकी किंवा त्याहून स्वस्त पडते. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, सगळ्या प्रकारच्या गाड्यांत. म्हणजे तुम्हा दोघांचा प्रवास दीड तिकिटात होतो. जेजुरीला स्वारगेटहून एसटीने दोघांचे जाऊन-येऊन अडीचशेच्या आसपास होतील. मोटरसायकलने पेट्रोलच तेवढं जाईल. जेजुरीला फक्त रविवार आणि सोमवती अमावास्या टाळा, आणि परतताना सासवडला उतरून संगमेश्वराच्या देवळात तासभर बसून या.

मळवलीचा फरक तर डोळ्यात भरतो. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल घ्या, मळवलीला उतरा. दोघांची जाऊन-येऊन तिकिटं शंभरच्या आत बसतात. मोटरसायकल नेली तर तीनशेचं पेट्रोल. मळवलीहून चालत भाजे गावात, तिथून पायऱ्या चढून लेण्यांत. ही बौद्ध लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, पुरातत्त्व खात्याचं तिकीट माणशी २५ रुपये. सकाळीच चैत्यगृहासमोर उभं राहायला मिळावं म्हणून पहिली लोकल गाठाच. खाली उतरलात की लोहगडची वाट धरा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे, आणि विंचूकाट्यावरून पवनेचं पाणी दिसतं ते डिसेंबर-जानेवारीच्या स्वच्छ हवेतच नीट दिसतं. पाण्याच्या बाटल्या, घरचा डबा, थोडे शेंगदाणे-गूळ. वर चहा आणि लिंबू-सरबत मिळतं. दुपारी लोकल विरळ असतात, तेवढं वेळापत्रक आधी बघून ठेवा. पाचशे रुपयांत दोघांचा अख्खा दिवस होतो.

सिंहगडाला तर गाडी आडकाठीच करते. रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, वर नेलेल्या वाहनाला वनखात्याचं उपद्रव शुल्क भरावं लागतं. पीएमपीने आतकरवाडीला उतरा आणि पायवाटेने चढा. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी. तुम्हा दोघांचं काम संध्याकाळी असतं, कॉलेजला एखादी सुट्टी मिळाली की सकाळी सहाला निघून तीनला घरी येता येतं. नोकरदारांना जे मिळत नाही ते विद्यार्थ्यांकडे आहे, मधल्या वारी मोकळी सकाळ. ती वापरा. वर पिठलं-भाकरी, ठेचा आणि मडक्यातलं दही यावर मात्र हात आखडता घेऊ नका. गडावरच्या बाया पहाटेपासून चूल पेटवून बसलेल्या असतात.

जवळ आणि स्वस्तातलं हवं असेल तर २६ जानेवारीच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं प्रदर्शन भरतं. तिकीट किरकोळ, अर्धा दिवस छान जातो.

महाग ठिकाण एकच आहे, ते भिगवण. उजनीच्या फुगवट्यावर जानेवारी-फेब्रुवारीत रोहित पक्षी येतात, आणि ते पाहायचे तर कुंभारगावाला उजाडताना पोहोचायला हवं. पुण्याहून शंभर किलोमीटर. मोटरसायकलने जायचं तर पहाटे तीन-चारला सोलापूर रस्ता, अंधार, कडाक्याची थंडी आणि शेजारून जाणारे ट्रक. हे मी तुम्हाला कधीच सुचवणार नाही. अजून एखादं जोडपं बरोबर घ्या, चौघांत एक भाड्याची कार करा, बोटीचे पैसेही चौघांत वाटा. बोट आधी ठरवून, दर विचारून घ्या, तिथले मच्छीमारच ती चालवतात. येताना चिलापी माशाची थाळी. दोघांच्या वाट्याला १,८०० धरा. हे नको वाटलं तर त्याच पैशांत एखाद्या शेतावरची हुरडा पार्टी होते. आणि तुमच्या वर्गात बारामती-इंदापूरकडचा, घरी ज्वारी असलेला कुणी मित्र असेलच. त्याच्याकडे जाल तर एसटीचं भाडं आणि नेलेला खाऊ एवढाच खर्च.

म्हणजे पाच सहली सहाशेच्या, एक अठराशेची, सगळ्या मिळून ४,८००. डिसेंबर ते फेब्रुवारी दरमहा १,६०० वेगळे काढा. एखाद्या ठिकाणी भाड्याने दुचाकी घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या, पण काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतलीत आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला ती गाडीपेक्षा महत्त्वाची वाटते. तुमच्या दोघांचा आरोग्य विमा आहे का? आई-वडिलांच्या पॉलिसीत मुलगी लग्न झालं की बहुतेक वेळा राहत नाही, आणि पंचविशी ओलांडली की मुलगाही. पत्रात कुठेच उल्लेख नाही, म्हणून नाही असं धरतो. दुचाकीच्या सक्तीच्या विम्यात मागे बसणाऱ्याला आपोआप संरक्षण मिळत नाही, हेही ध्यानात घ्या. म्हणजे गाडी चालवणार ते, आणि पाय मोडला तुमचा, तर रुग्णालयाचं बिल त्या १३,००० तूनच. तुमच्या वयात दोघांची पाच लाखांची एकत्र पॉलिसी वर्षाला दहा हजारांच्या आसपास मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. अनेक कंपन्या मासिक हप्ता घेतात, तो नऊशेच्या जवळपास बसेल. गाडीच्या हप्त्याच्या निम्माही नाही.

तर ३,५०० ची वाटणी अशी करा. १,६०० सहलींना, ९०० विम्याला, १,००० एप्रिल-मे साठी बाजूला. ३१,००० ना हात लावू नका. मार्चपासून सहलींचे १,६०० ही त्याच बाजूला जातील.

गाडीचा विचार जूनमध्ये पुन्हा करा. तुमची परीक्षा झालेली असेल, शिकवण्या नव्याने भरतील, त्यांच्या अभ्यासिकेचं काय ते कळेल. तेव्हाही रात्रीच्या बसचा त्रास असेल, तर दरमहा १,९७६ कर्जाला देण्याऐवजी स्वतःच्या खात्यात टाका. १४ महिन्यांत २७,६६४ जमतात, म्हणजे कर्ज १८ महिन्यांत फेडलं असतं, त्याच्या चार महिने आधी जवळपास २८,००० हातात, तेही विनाव्याज. शिकवण्या वाढल्या तर आणखी लवकर. रोख घ्यायला गेलात की विक्रेता भावही उतरवतो.

नवऱ्याला हे सांगताना ‘गाडी नको’ असं सांगू नका. रात्री साडेनऊला थंडीत बसथांब्यावर उभं राहणं तुम्हालाही दिसतंय, हे आधी बोला. आठवड्यातून दोन-तीन रात्री रिक्षा करायची असेल तर ते पैसे सहलींच्या रकमेतून न काढता घरखर्चात धरा.

आणि विक्रेत्याने टोकन म्हणून हजार-दोन हजार मागितले असतील तर देऊ नका. दिले असतील तर पावती आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा, आणि आजच लेखी कळवा की व्यवहार पुढे न्यायचा नाही. कर्जाच्या अर्जावर सही केली असेल, आधार-पॅनच्या प्रती दिल्या असतील, तर वित्त कंपनीला थेट ईमेल करून अर्ज रद्द झाल्याचं उत्तर मागवा, आणि महिन्याभराने तुमचा क्रेडिट रिपोर्ट एकदा तपासा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.