आई-बाबा सत्तरीला आलेत. ठाण्याहून लेहच्या गोम्पांची (बौद्ध मठांची) गाइडेड यात्रा करावी, की दुसरं काही?

या वयात पहिली यात्रा लेहची नको. हिमाचलमधलं धरमशाला आणि रिवालसर करा. कारण उंचीचं आहे. ठाणं जवळजवळ समुद्रसपाटीला, लेह सुमारे 3,500 मीटरवर, आणि विमान हा फरक काही तासांत पार करतं. शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. रिवालसर त्यापेक्षा निम्म्याहूनही कमी उंचीवर आहे. तिथल्या तळ्याला तिबेटी लोक त्सो पेमा म्हणतात. बौद्ध गुरू पद्मसंभवांच्या कथेतलं हे तळं, आणि त्यांचा 123 फुटी पुतळाही तिथेच. धरमशालाजवळच्या मॅक्लिओडगंजला दलाई लामांचं मंदिर आणि त्याभोवतीची प्रदक्षिणेची वाट आहे. वाट चढउताराची आहे, पण सावकाश जमते.

लेहच हवं असा त्यांचा हट्ट असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर. मग टूरवाल्याला एवढं विचारा:
- पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती आहे का?
- थिकसे गोम्पातली पहाटेची प्रार्थना बसून ऐकता येईल, की फोटो काढून पुढे?
- सोबत ऑक्सिजन असतो का?

चार दिवसांत लेह, नुब्रा खोरं आणि पँगाँग तलाव बसवणारा कार्यक्रम हातात आला तर सरळ नाही म्हणा. खारदुंग ला आणि चांग ला या 5,000 मीटरवरच्या खिंडी त्याच रस्त्यांवर लागतात. त्याऐवजी आल्चीचा गोम्पा घ्या, तो लेहपेक्षा खाली आहे आणि तिथली जुनी भित्तिचित्रं अप्रतिम आहेत.